सैन्यातलं पत्र : फॉरमॅट बरोबर असूनही ड्राफ्ट परत का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बटालियनमध्ये असिस्टंट ॲडज्युटंट (युनिटच्या कार्यालयीन कामाचा ऑफिसर) म्हणून काही महिने झाले, सर्व्हिस रायटिंग (सैन्यातली ठरावीक लेखनपद्धत) अकादमीतच शिकून आलात, मार्जिन, पॅऱ्यांचे नंबर, शॉर्ट फॉर्म सगळं पाठ आहे. तरी सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांच्या टेबलावरून ड्राफ्ट लाल होऊन परत येतो. मग फॉरमॅटमध्ये चुकतंय तरी काय?

मी क्लार्क म्हणून भरती झालो आणि हेडक्लार्कच्या खुर्चीतून निवृत्त झालो. मधल्या काळात असे ड्राफ्ट पोत्याने पाहिले. साहेब, फॉरमॅट बहुधा चुकत नसतो. पत्र कोण वाचणार, याचा विचार झालेला नसतो. सैन्यातल्या पत्राला दोन वाचक असतात. पहिला म्हणजे ज्याला आज त्यावर काहीतरी करायचंय तो. दुसऱ्याला तुम्ही ओळखत नाही. तो कदाचित अजून भरतीही झालेला नसेल. दोन-अडीच वर्षांत तुमची पोस्टिंग येईल, सीओ बदलतील, आणि ब्रिगेडमधले जे मेजर साहेब आज फोनवर ‘हां हां, समझ गया’ म्हणतात, तेही जातील. युनिटमध्ये उरते ती फाइल. पुढे कधी ऑडिट आलं, कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली किंवा प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेलं, की तो दुसरा वाचक तुमचा कागद उघडतो. तेव्हा ‘मला असं म्हणायचं होतं’ सांगायला तुम्ही तिथे नसता.

फॉरमॅटकडे या नजरेने पाहा. नेहमीच्या रूटीन पत्रात ‘महोदय’ नसतं, ‘आपला विश्वासू’ नसतं. वर टेलिफोन नंबर, युनिटचं नाव, द्वारा ५६ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस), मग फाइल नंबर, तारीख, ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता, मध्यभागी विषय, नंबर घातलेले पॅरे आणि खाली उजवीकडे सही. एपीओचा पत्ता ठिकाण सांगत नाही, तो मुद्दामच तसा आहे. सहीखाली कंसात नाव, मग रँक, मग नेमणूक, आणि सीओंच्या वतीने पत्र जात असेल तर ‘कृते कमांडिंग ऑफिसर’. सही तुमची असली तरी बोलतंय युनिट. म्हणूनच ‘मला वाटतं’ तिथे बसत नाही. युनिट मागतं, कळवतं, शिफारस करतं. युनिटला वाटत बिटत नाही.

विषयाच्या ओळीवर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. डाक उघडणारा क्लार्क पत्र वाचत नाही, विषय वाचतो, आणि त्यावरून कागद ट्रेनिंगच्या टेबलावर जाणार की क्यूच्या (सामान-पुरवठ्याच्या), हे ठरवतो. विषय मोघम असेल तर पत्र चुकीच्या टेबलावर चार दिवस पडून राहतं आणि कोणाचाच दोष नसतो.

एक नमुना घेऊ. प्रत्यक्षात असं पत्र इंग्रजीत जातं. समजायला सोपं म्हणून इथे मराठीत मांडतो. नंबर, तारखा सगळं काल्पनिक आहे.

विषय : जनरेटर
१. संदर्भ आमचे यापूर्वीचे पत्र.
२. या युनिटचा जनरेटर बऱ्याच काळापासून नादुरुस्त असून त्यामुळे फार गैरसोय होत आहे.
३. तरी या प्रकरणी लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात यावी, प्लीज.

फॉरमॅटच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही. संदर्भ आहे, विषय आहे, पॅऱ्यांना नंबर आहेत. आता ब्रिगेडच्या डीक्यूंच्या (पुरवठा बघणाऱ्या स्टाफ ऑफिसरच्या) खुर्चीत बसा. समोर कागदांचा ढीग आहे. या पत्रावर काही करायचं तर त्यांना आधी फोन उचलून विचारावं लागेल : कुठलं पत्र? कुठला जनरेटर? कधीपासून बंद? एलएडीने (युनिटच्या दुरुस्ती पथकाने) बघितला का? दुरुस्ती हवी की बदली? ते फोन उचलत नाहीत, पत्र बाजूला ठेवतात. पंधरा दिवसांनी तुम्ही स्मरणपत्र पाठवता, त्यातही ‘आमचे यापूर्वीचे पत्र’ एवढंच.

आता हेच पत्र असं :

विषय : ३० केव्हीए जनरेटर दुरुस्तीसाठी वर्कशॉपकडे घेणे
१. संदर्भ आमचे पत्र क्र. ४०२/७/क्यू, दि. ०४ मार्च २०२४.
२. या युनिटचा ३० केव्हीए जनरेटर १८ फेब्रुवारी २०२४ पासून बंद आहे. एलएडीने २० फेब्रुवारी २०२४ रोजी तपासणी केली. अल्टरनेटर जळाला असून दुरुस्ती एलएडीच्या आवाक्याबाहेरची आहे. तपासणी अहवाल ॲपेंडिक्स ‘ए’ म्हणून जोडला आहे.
३. सध्या एमआय रूम (दवाखाना) आणि सिग्नल सेंटर एकाच १५ केव्हीए सेटवर चालतात. दोन्हींचा पूर्ण भार हा सेट घेत नाही. वीज गेली की दोन्हींपैकी एक बंद ठेवावे लागते.
४. विनंती आहे की :
(ए) फील्ड वर्कशॉपने २५ मार्च २०२४ पर्यंत जनरेटर दुरुस्तीसाठी घ्यावा.
(बी) दुरुस्ती होईपर्यंत बदली सेट द्यावा.
५. जनरेटर वर्कशॉपमध्ये पोहोचवण्यासाठी गाडी व माणसे युनिट देईल. संपर्क : क्वार्टरमास्टर.

पत्र लांबलं, तरी डीक्यूंचा वेळ वाचला. मंजुरी मिळवून देतो तो तिसरा पॅरा. ‘फार गैरसोय’ प्रत्येक युनिटची असते; एमआय रूम की सिग्नल सेंटर, यातलं एक बंद ठेवायची पाळी प्रत्येकावर येत नाही. पाचवा पॅरा छोटा आहे, पण समोरच्याचं ‘आमच्याकडे गाडी नाही’ हे उत्तर तो आधीच काढून घेतो. आणि चौथा पॅरा डीक्यू जसाच्या तसा उचलून वर्कशॉपच्या पत्रात टाकू शकतात. माझी कसोटी हीच होती : ज्याला पत्र जातंय त्याला माझा पॅरा न बदलता पुढे पाठवता येतो का? येत असेल तर ड्राफ्ट तयार. येत नसेल तर आपलं काम आपण त्याच्या गळ्यात घातलंय.

‘लवकरात लवकर’ हे शब्द तर टाळाच. त्याला तारीख नसते, म्हणून फाइल पुन्हा वर काढायलाही तारीख मिळत नाही. शेवटच्या ‘प्लीज’बद्दल मात्र मी हात टेकले आहेत. वाक्य संपल्यावर प्लीज चिकटवायची आपल्याकडची सवय कुठल्याही नियमाने जाणार नाही. एका पत्रात एकदाच आला तर सोडून द्या.

पॅऱ्यांच्या नंबरांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १, त्याखाली (ए), त्याखाली (आय), त्याखाली (एए). एकच सब-पॅरा कधी नसतो. (ए) असेल तर (बी) हवाच, नाहीतर ते वाक्य वरच्या पॅऱ्यातच ठेवा. उत्तर देणाऱ्याला ‘आपल्या पत्राचा पॅरा ४ (बी)’ असं बोट ठेवता यावं, यासाठी हे नंबर. रूटीन पत्रात तुम्ही (एए)पर्यंत पोहोचलात तर नंबर बरोबर असतील, विचार गुंतलाय. जोडपत्रांत मात्र एक गंमत लक्षात ठेवा. आपल्याकडे पत्राला ॲपेंडिक्स लागतं आणि ॲपेंडिक्सला ॲनेक्शर. ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यात क्रम उलटा : आधी ॲनेक्स, त्याच्या पोटात ॲपेंडिक्स. पुढेमागे संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर गेलात तर पहिल्या आठवड्यात इथेच अडखळाल.

चांगलं सर्व्हिस रायटिंग कसं दिसतं, हे बघायचं असेल तर १६ डिसेंबर १९७१चं ढाक्याचं शरणागतीपत्र काढून वाचा. ते सार्वजनिक आहे, त्याचे फोटो सहज मिळतात. अख्ख्या ईस्टर्न कमांडची शरणागती, नव्वद हजारांवर युद्धकैदी, आणि मजकूर अवघ्या तीन पॅऱ्यांचा. पहिल्याच वाक्यात कोण, कोणापुढे, काय : पाकिस्तानची ईस्टर्न कमांड बांगलादेशातली सगळी पाकिस्तानी सशस्त्र दलं लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यापुढे समर्पित करते. पुढच्या वाक्यात ‘सगळी’ म्हणजे काय ते : भूदल, हवाई दल, नौदल, शिवाय निमलष्करी आणि नागरी सशस्त्र दलंही. कोणाला ‘आम्ही त्यात मोडत नाही’ म्हणायची सोय ठेवलेली नाही. त्यानंतर कृती : जिथे आहात तिथेच, सर्वांत जवळच्या नियमित सैन्याकडे शस्त्रं खाली ठेवायची. म्हणजे कुठे जायचं आणि कोणाच्या हाती जायचं, हे दोन्ही प्रश्न एका वाक्यात संपले. मुक्ती वाहिनीच्या (बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या) हाती लागलो तर काय, ही धास्ती ज्यांच्या मनात होती त्यांच्यासाठी ‘नियमित’ हा शब्द किती मोलाचा होता, ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या पॅऱ्यातलं शेवटचं वाक्य मी नव्या क्लार्कांना मुद्दाम दाखवायचो. अटींच्या अर्थाबद्दल शंका आली तर जनरल अरोरांचा निर्णय अंतिम. इतका नेमका मजकूर लिहूनही लिहिणाऱ्याने गृहीत धरलं, की कुणीतरी वेगळा अर्थ लावणारच. त्या वेळी कोणाकडे बघायचं, तेही लिहून ठेवलं. देशांची नावं मजकुरात मोठ्या अक्षरांत आहेत, आपल्या सर्व्हिस रायटिंगमध्ये ठिकाणांची असतात तशी. सहीखाली नुसती नावं नाहीत, पूर्ण नेमणुका आहेत. अरोरा सही करतात ते पूर्व विभागातल्या भारत आणि बांगलादेशच्या सैन्याचे सरसेनापती म्हणून. पाकिस्तानचे नियाझी करतात ते मार्शल लॉ ॲडमिनिस्ट्रेटर झोन बी आणि कमांडर ईस्टर्न कमांड म्हणून. शरणागती माणसाने नाही, नेमणुकीने पत्करलीय.

आणि तरीही या कागदावर घड्याळाची गफलत आहेच. वर वेळ छापली आहे १६३१. तेव्हा भारताच्या ईस्टर्न कमांडचे चीफ ऑफ स्टाफ असलेले मेजर जनरल जेकब यांनी पुढे लिहून ठेवलंय, की सह्यांच्या वेळी त्यांच्या घड्याळात १६५५ वाजले होते. घटना व्हायच्या आधीच तिची वेळ टाइप केली की हे असं होतं. म्हणून आमच्याकडे ड्राफ्टवर तारखेची जागा कोरी ठेवायची पद्धत होती; तारीख सहीच्या दिवशी पडायची.

तारीख-वेळेवरून आठवलं, इथे काही गोष्टी हाडीमाशी खिळवून घ्या. महिना अक्षरात लिहा, कारण ०५/०३ म्हणजे पाच मार्च की तीन मे, यावर वाद घालायला वेळ नसतो. रात्र लिहिताना दोन्ही तारखा : रात्र ०५/०६ मार्च. नुसतं ‘पाच तारखेच्या रात्री दोन वाजता’ म्हटलं तर अर्धी माणसं एक दिवस आधी पोहोचतील. २४०० लिहू नका. २३५९ किंवा ०००१ लिहा, म्हणजे दिवस कुठला याबद्दल शंका राहत नाही. रजा किंवा कोर्सच्या तारखांत ‘पासून-पर्यंत’ असेल तर दोन्ही दिवस धरून की कसे, ते लिहा. ‘पहाटे’ आणि ‘संध्याकाळी’ हे शब्द आदेशात नकोत. फर्स्ट लाइट म्हणायचं असेल तर त्यापुढे वेळही द्या. नदीचा डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरतो, तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून नाही. आणि संख्या देताना ऑफिसर, जेसीओ (सुभेदार वगैरे), ओआर (जवान) या क्रमाने, ०२-०४-८६ अशी. ‘सुमारे ९०’ म्हटलं तर कुक हाउस, गाड्या आणि तंबू तिन्हींचा हिशेब चुकतो.

आदेशाची भाषा पत्राच्या भाषेपेक्षा वेगळी असते. वर पाठवायचं पत्र विनंती करतं. खाली जाणारा आदेश साधा भविष्यकाळ वापरतो : ‘बी कंपनी ०५३० वाजता निघेल.’ ‘निघावं’, ‘शक्य झाल्यास निघावं’, ‘निघणं योग्य ठरेल’ हे सगळं सल्ला देणं झालं. ऑपरेशन ऑर्डरचे पाच भाग तुम्हाला पाठ असतील : परिस्थिती, मिशन, अंमलबजावणी, प्रशासन व रसद, कमांड आणि सिग्नल. मिशन एका वाक्यात, एकाच क्रियापदावर. मिशनमध्ये ‘आणि’ आला की दोन कामं झाली, आणि दोन्ही जमली नाहीत तर आधी कुठलं सोडायचं हे खालच्याने ठरवायचं.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण जगभरच्या सैन्यांत शिकवलं जातं. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातलं बालाक्लावा. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅगलन टेकडीवर होते. शेजारच्या उंचवट्यावरून ब्रिटिशांच्या बाजूच्या हातातून गेलेल्या तोफा रशियन ओढून नेताहेत, असं त्यांना तिथून दिसत होतं. आदेश गेला : घोडदळाने वेगाने पुढे जावं, शत्रूचा पाठलाग करावा आणि त्याला तोफा नेऊ देऊ नयेत. ताबडतोब. कुठल्या तोफा? पुढे म्हणजे कुठे? टेकडीवर उभं असणाऱ्याला हा प्रश्नच पडला नाही. खाली दरीत असलेल्या घोडदळाच्या प्रमुखांना, लॉर्ड लुकन यांना, त्या तोफा दिसतच नव्हत्या. चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलनने हात दाखवला तो दरीच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथे रशियन तोफखाना मांडून बसला होता. लाइट ब्रिगेडचे साडेसहाशेहून जास्त स्वार त्या तोफांवर चालून गेले. आदेशात त्या उंचवट्याचं नुसतं नाव असतं तरी पुरलं असतं. लिहिणाऱ्याला जे दिसतं ते वाचणाऱ्याला दिसत नसतं, एवढीच गोष्ट. तुमच्या ‘आमचे यापूर्वीचे पत्र’मध्येही तेच झालेलं असतं, फक्त तिथे कुणी मरत नाही, म्हणून ते खपून जातं.

सिग्नल लिहिताना हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण जागा कमी आणि घाई जास्त. सिग्नलवर तातडीचा दर्जा असतो; जवळजवळ सगळीकडे फ्लॅश, इमिजिएट, प्रायोरिटी, रूटीन अशा चार पायऱ्या चालतात. हा दर्जा निवडतो लिहिणारा, त्याचा भार सोसतो सिग्नल सेंटर. दिवाळीच्या शुभेच्छा इमिजिएट पाठवणारे मी पाहिले आहेत. मग खरं तातडीचं काही आलं की त्याला रांगेत उभं राहावं लागतं. दुसरी गोष्ट ॲक्शन आणि इन्फो. ॲक्शनमध्ये नाव असलेल्याने काम करायचं, इन्फोमधल्याने फक्त माहीत असू द्यायचं. पाच जणांना ॲक्शनमध्ये घातलंत तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो.

आणि इन्फोमध्ये कोण आहे, यानेही संदेशाचा सूर बदलतो. २५ ऑक्टोबर १९४४, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका-जपानची लेयटेची नाविक लढाई. (होय, पुन्हा २५ ऑक्टोबर. योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरा.) अमेरिकन नौदलाचे ॲडमिरल निमित्झ यांनी पर्ल हार्बरहून हाताखालच्या ॲडमिरल हॉल्सी यांना विचारलं : टास्क फोर्स ३४ (हॉल्सींचा एक जहाजांचा ताफा) कुठे आहे, पुन्हा सांगतो, कुठे आहे? गुप्त संदेशांच्या आगेमागे शत्रूला गोंधळात टाकायला निरर्थक शब्द भरायची पद्धत होती. मागे भरलेले शब्द होते ‘जग विचारतंय’ अशा अर्थाचे. पुढे भरलेले शब्द ऑपरेटरने काढले. हे मात्र मजकुराचाच भाग वाटल्यामुळे तसेच हॉल्सींच्या हाती गेले. इन्फोमध्ये वॉशिंग्टनला नौदलप्रमुख ॲडमिरल किंग आणि शेजारच्या ताफ्याचे ॲडमिरल किनकेड. चारचौघांत आपली अब्रू काढली असं हॉल्सींना वाटलं, ते भडकले. प्रश्न साधा होता. तेव्हा सिग्नल असो की पत्र, ‘प्रत माहितीसाठी’ लिहिताना विचार करा. तुमच्या बरोबरीच्या युनिटला स्मरणपत्र आणि त्याची प्रत थेट डिव्हिजनला, हे स्मरणपत्र राहत नाही, तक्रार होते. तक्रारच करायची असेल तर तीही सरळ करा, सीओंना विचारून.

गोपनीयतेचा शिक्का हा दुसरा आवडता रोग. टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल, रिस्ट्रिक्टेड या चार पायऱ्या आहेत. शिक्का प्रत्येक पानावर वर आणि खाली. ‘उगाच कशाला जोखीम’ म्हणून प्रत्येक कागद कॉन्फिडेन्शियल करणाऱ्याला वाटतं आपण सावध आहोत. होतं उलट. कपाट भरतं, रजिस्टर भरतं, आणि खरा नाजूक कागद त्या गर्दीत इतर कागदांसारखाच हाताळला जातो. दर्जा ठरतो मजकुरावरून, पत्र कोणाला चाललंय त्यावरून नाही. वरचं पत्र साधं असलं तरी जोडपत्र सीक्रेट असेल तर एकत्र असेपर्यंत सगळं सीक्रेट. विषयाची ओळ शक्यतो अशी ठेवा, की तिचा उल्लेख साध्या पत्रात केला तरी काही फुटणार नाही. वरच्या दर्जाचा कागद दोन लिफाफ्यांत जातो : दर्जा आतल्यावर, बाहेरचा साधा. आणि ड्राफ्टचा मोबाइलवर फोटो काढून ‘साहेब, एकदा बघून घ्या’ असं व्हॉट्सॲपवर पाठवणं, किंवा इंग्रजी सुधारायला तो मजकूर इंटरनेटवरच्या एखाद्या साधनात टाकणं, हे १९२३ च्या ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टच्या हद्दीत जाऊ शकतं. इंग्रजी कच्चं असलेलं परवडलं.

सगळ्यात कमी मानाचा कागद म्हणजे पार्ट टू ऑर्डर. जवानाचं लग्न, मुलाचा जन्म, रजा, बढती, सगळं त्यात चढतं. नवे ऑफिसर त्यावर न वाचता सही करतात, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटतं. मी म्हणेन, तुमच्या सहीचा सगळ्यात जास्त काळ टिकणारा कागद तोच. लग्नाच्या नोंदीत बायकोचं नाव ‘सुनिता’ पडलं, आधारवर ‘सुनीता’ आहे, गावच्या दाखल्यावर ‘सुनंदा’. नोकरीभर कुणाचं काही अडत नाही. पंचवीस-तीस वर्षांनी नवरा जातो आणि फॅमिली पेन्शनच्या कागदांत ती बाई आपणच आपण आहोत हे सिद्ध करत फिरते : रेकॉर्ड ऑफिस, जिल्हा सैनिक कार्यालय, बँक, प्रतिज्ञापत्र, पुन्हा रेकॉर्ड ऑफिस. स्पर्श ही पेन्शनची ऑनलाइन प्रणाली आल्यापासून तर एका अक्षराचा फरकही मशीनला चालत नाही. म्हणून ही नोंद घालताना जवानाला समोर बसवा, मूळ दाखला बघा, स्पेलिंग त्याच्याकडूनच वाचून घ्या. पाच मिनिटं लागतात.

डीओ लेटरबद्दल तुम्ही वेगळं विचारलंत. अर्धशासकीय पत्र एक ऑफिसर दुसऱ्याला नावाने लिहितो, ‘माय डिअर’ने सुरू होतं, ‘मी’ म्हणायची मुभा असते. अडलेल्या प्रकरणाकडे वरिष्ठाचं स्वतःचं लक्ष वेधायला ते असतं. काम पत्रानेच होतं, म्हणून डीओमध्ये मूळ पत्राचा नंबर हवाच. आणि डीओ महिन्याला चार जायला लागले की त्यांची किंमत रूटीन पत्राइतकी होते. तुमच्या सहीने सध्या फारसे जाणार नाहीत. सीओंसाठी ड्राफ्ट कराल तेव्हा त्यांच्या बोलण्याचा सूर ऐकून लिहा. नाहीतर समोरच्याला कळतं की सही एकाची आणि आवाज भलत्याचाच.

संरक्षण मंत्रालयाची मंजुरीपत्रं फाइलला आली की एकदा नीट वाचा. ती ‘राष्ट्रपतींची मंजुरी कळवण्याचे मला निर्देश आहेत’ अशी सुरू होतात, सही अवर सचिव किंवा उपसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याची असते. मंजुरी कोणाची आणि ती कळवतंय कोण, हे पहिल्याच ओळीत वेगळं ठेवलेलं असतं. अशी मंजुरी मागायला आपण जी स्टेटमेंट ऑफ केस पाठवतो, तिच्यात प्रस्तावना, प्रस्ताव, समर्थन, आर्थिक परिणाम आणि शिफारस असा क्रम असतो. बहुतेक केसेस आर्थिक परिणामावर आपटतात. ‘खर्च अल्प आहे’ हा आकडा नव्हे. रुपये किती, एकदाच की दरवर्षी, कोणत्या हेडमधून (खर्चाच्या शीर्षातून), हे लिहिलेलं नसेल तर ती केस वित्त विभागाकडून फिरून परत येणार, आणि फिरण्यात सहा महिने गेले तर आर्थिक वर्ष संपतं.

शेवटचं, तुमच्या सीओंच्या लाल पेनाबद्दल. ड्राफ्ट नुसता नेऊ नका. फाइलच्या नोटिंगच्या बाजूला दोन ओळी लिहा : काय आलं, आपण काय उत्तर देतोय, का. ज्या पत्राला उत्तर देताय त्याला फ्लॅग (खुणेची चिठ्ठी) ‘ए’, ज्या नियमाचा किंवा आधीच्या मंजुरीचा आधार घेताय त्याला फ्लॅग ‘बी’. ड्राफ्ट दोन ओळींत अंतर सोडून, रुंद मार्जिनने. सीओंना पानं उलटत बसावं लागलं नाही, की त्यांचं पेन मजकुराकडे वळतं. मग ज्या दुरुस्त्या येतील त्या महिनाभर एका वहीत उतरवून ठेवा. माझा अंदाज आहे, त्यातल्या बऱ्याचशा तीनच जातीच्या निघतील : कोणी करायचं ते नाही, कधीपर्यंत ते नाही, आणि कुठल्या आधाराने ते नाही.